नागपूरकरांचं लंडन

मे महिन्यात बेसा-मनीषनगरात पारा पंचेचाळीसला टेकला की ज्यांना जमतं ते गाव सोडतात. कुणी चिखलदऱ्याला, कुणी पचमढीला, कुणी मुला-सुनेकडे. त्या मुला-सुनेचा पत्ता हल्ली पुणे-बंगळूरूचा असतो तसा लंडनच्या हॅरो, हाउन्स्लो किंवा वेम्बलीचाही असतो. पहिले चार दिवस नातवंडांत जातात. मग मुलं कामावर, नातवंडं शाळेत, आणि आई-बाबा खिडकीशी. एवढ्या मोठ्या शहरात पाहायचं काय आणि कुठून सुरुवात करायची?

टूर कंपन्यांचं उत्तर ठरलेलं आहे. बिग बेन, लंडन आय, टॉवर ब्रिज, बकिंगहॅम पॅलेसचा दरवाजा, मादाम तुसाँच्या मेणाच्या पुतळ्यांबरोबर फोटो, रात्री जैन जेवण आणि दुसऱ्या दिवशी पॅरिस. त्यात वाईट काही नाही. पण नागपूरच्या माणसाने लंडन एवढंच पाहून परतावं हे जरा नुकसानीचं आहे. भोसल्यांचं राज्य, वऱ्हाडातल्या लढाया, बाबासाहेबांचं शिक्षण, फार काय झिरो माइलचा दगड, या सगळ्यांचं दुसरं टोक त्या शहरात सापडतं. ते माहीत असलं तर फिरण्याला दिशा मिळते, आणि बऱ्याच ठिकाणी तिकीटही पडत नाही.

आधी तयारीचं बोलू. नागपूरहून लंडनला थेट विमान नाही. मुंबई, दिल्ली किंवा आखातातल्या एखाद्या शहरातून जावं लागतं. व्हिसा ब्रिटनचा स्वतंत्र काढायचा. पॅरिस-रोमसाठी घेतलेला शेंगेन व्हिसा लंडनला चालत नाही आणि ब्रिटनचा व्हिसा पॅरिसला चालत नाही. ‘युरोप एकच’ असं धरून दोन्हींची विमानतिकिटं आधी काढून बसणारे दर उन्हाळ्यात भेटतात. पर्यटकाचा साधा व्हिसा एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहू देतो. जायला जून उत्तम. सूर्य पहाटे पावणेपाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री सव्वानऊनंतर मावळतो, त्यामुळे संध्याकाळी सातला निघालं तरी दिवसउजेडी दोन ठिकाणं होतात. उन्हाळा आहे म्हणून छत्री घरी ठेवू नये, आणि पातळ स्वेटरही बरोबर असू द्यावा.

शहरात फिरण्यासाठी टॅक्सीचा विचार डोक्यातून काढलेला बरा. लंडनची भुयारी रेल्वे, जिला तिथे सगळे ‘ट्यूब’ म्हणतात, १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी सुरू झाली. जगातली ती पहिली भुयारी रेल्वे. नागपुरातला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, याच वर्षीचं. ट्यूबला वेगळं तिकीट काढावं लागत नाही. स्पर्शाने चालणारं बँकेचं कार्ड किंवा ऑयस्टर कार्ड फाटकावर टेकवायचं, बाहेर पडताना तेच कार्ड पुन्हा टेकवायचं. ‘तेच’ हा शब्द महत्त्वाचा. आत शिरताना एक आणि बाहेर पडताना दुसरं कार्ड वापरलं तर दोन अर्धवट प्रवास धरले जातात आणि दोन्हींवर जास्तीची रक्कम कापली जाते. नवरा-बायकोने एकच कार्ड वापरायचं नाही, माणशी एक हवं. दिवसभरात कितीही फिरलं तरी ठरावीक मर्यादेपलीकडे पैसे कापले जात नाहीत. बसमध्ये फक्त चढताना कार्ड टेकवायचं. रोख पैसे २०१४पासून बंद आहेत, आणि तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचं भाडं लागत नाही. ज्येष्ठांनी ट्यूबचे जिने मोजत बसण्यापेक्षा दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा धरावी. शहर तिथूनच चांगलं दिसतं. आणि सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं. डावीकडची बाजू घाईत असलेल्यांची असते, आणि लंडनमध्ये घाईत सगळेच असतात.

पहिला दिवस उत्तरेकडे, प्रिमरोझ हिलला द्यावा. नॉर्दर्न लाइनच्या चॉक फार्म स्टेशनवर उतरून थोडं चाललं की किंग हेन्रीज रोड लागतो. या रस्त्यावरच्या १० क्रमांकाच्या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हे घर विकत घेतलं आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तिथलं स्मारक खुलं झालं. पुढे वेगळंच संकट आलं. निवासी भागातल्या घराचं संग्रहालय करण्यावर काही शेजाऱ्यांनी हरकत घेतली, कॅम्डनच्या नगरपरिषदेने परवानगी नाकारली, प्रकरण चौकशीपर्यंत गेलं आणि २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने संग्रहालयाच्या बाजूने निर्णय दिला. घर बाहेरून शेजारच्या घरांसारखंच आहे. ओळख पटते ती भिंतीवरच्या पाटीमुळे.

नागपूरकर विमानात बसतो तो विमानतळ बाबासाहेबांच्या नावाचा, आणि १४ ऑक्टोबर १९५६ची दीक्षाभूमी तर त्याच्या रोजच्या ओळखीची. पण त्या दिवसाच्या पस्तीस वर्षं आधी या घरात राहणारा माणूस कोणत्या परिस्थितीत शिकत होता, हे इथे येऊन जास्त कळतं. १९१६ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी नाव घातलं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये सगळं अर्धवट टाकून परतावं लागलं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज आणि एका पारशी मित्राची मदत घेतली आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला आले. १९२१ला एम.एस्सी., १९२२ला बॅरिस्टर, १९२३ला डी.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध त्याच वर्षी लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापला गेला.

घर पाहून झालं की मागेच असलेल्या प्रिमरोझ हिलच्या टेकडीवर चढावं. चढ आपल्या सेमिनरी हिल्सहून अवघड नाही. वरून सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटापर्यंत शहर दिसतं. घर ते कॉलेज, कॉलेज ते ग्रंथालय हा त्या विद्यार्थ्याचा रोजचा पल्ला केवढा होता, याचा अंदाज त्या टेकडीवरून येतो.

तोच पल्ला पुढे धरता येतो. ऑल्डविचला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे आणि तिथे बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. समोरच इंडिया हाउस, म्हणजे भारताचं उच्चायुक्तालय. हर्बर्ट बेकर या वास्तुरचनाकाराने ते बांधलं आणि १९३० मध्ये पंचम जॉर्जने त्याचं उद्घाटन केलं. तिथून हॉलबॉर्नच्या दिशेने चालत गेलं की ग्रेज इन. कामाच्या दिवशी दुपारी तिथली जुनी बाग सर्वांना खुली असते. वकील मंडळी गवतावर बसून डबा खात असतात. सावरकरही याच ग्रेज इनचे विद्यार्थी. १९०६ मध्ये ते लंडनला आले आणि हायगेटमध्ये ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू या घरात राहिले. श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी काढलेलं ते वसतिगृह, त्याचंही नाव इंडिया हाउस. आज तिथे खासगी घरं आहेत, त्यामुळे रस्त्यावरून पाटी पाहून पुढे जायचं. बेल वाजवायची नाही. मेडा व्हेलच्या बाजूला १०, हाउली प्लेस इथे लोकमान्य टिळकांच्या नावाची पाटी आहे. चिरोल या इंग्रज पत्रकारावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी ते १९१८-१९ मध्ये लंडनला होते. खटला हरले, पण त्या मुक्कामात ब्रिटिश मजूर पक्षाच्या लोकांशी त्यांनी संबंध जोडले.

अशा पाट्या शोधत फिरणं हा लंडनमधला सगळ्यात स्वस्त छंद आहे. एक इशारा मात्र द्यायला हवा. एका दिवसात सगळ्या पाट्या ‘कव्हर’ करायच्या ठरवल्या तर दिवस ट्यूबमध्येच जातो. प्रिमरोझ हिल आणि हायगेट एका दिवशी, ऑल्डविच आणि ग्रेज इन दुसऱ्या दिवशी, एवढं पुरे.

आता वऱ्हाडकडे वळू. हाइड पार्कच्या कोपऱ्यावर ॲप्सली हाउस नावाची दगडी इमारत आहे. वेलिंग्टनचा ड्यूक इथे राहायचा. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा म्हणून जग त्याला ओळखतं. पण त्याआधी बारा वर्षं, निव्वळ आर्थर वेलस्ली असताना, तो आपल्याकडे होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला त्याने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांना हरवलं. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला पुन्हा लढाई झाली. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. दोनच दिवसांनी दुसऱ्या रघुजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. कटक गेलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही गेला. मोहीम संपल्यावर दख्खनच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांनी आपल्या सेनापतीला सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची भांडी भेट दिली. ‘डेक्कन सर्व्हिस’ नावाने ओळखली जाणारी ती भांडी ॲप्सली हाउसमध्ये आहेत. इतर पर्यटक तिथे नेपोलियनचा भलामोठा नग्न पुतळा पाहून हसत पुढे जातात. चिखलदऱ्याला जाऊन गाविलगडाच्या पडक्या दरवाजातून आत शिरलेल्या माणसाने त्या भांड्यांच्या कपाटापाशी थांबावं. या घराला तिकीट आहे, पण विदर्भातून येणाऱ्याने ते काढावं असंच सुचवावंसं वाटतं.

वेलिंग्टनची समाधी सेंट पॉल कॅथीड्रलच्या तळघरात आहे. कॅथीड्रलचं तिकीट महाग आहे. मात्र संध्याकाळच्या प्रार्थनेला, ज्याला तिथे इव्हनसाँग म्हणतात, कुणालाही विनामूल्य बसता येतं. तळघर तेव्हा पाहता येत नाही, पण घुमटाखाली बसून गायकवृंद ऐकायला मिळतो. हीच सोय वेस्टमिन्स्टर ॲबेमध्येही आहे. फोटो काढायचे नाहीत आणि मध्येच उठायचं नाही, एवढं पाळलं की झालं.

सेंट पॉलपासून पूर्वेला चालत गेलं की लेडनहॉल स्ट्रीट. स्टीलच्या नळ्या बाहेर काढून ठेवल्यासारखी दिसणारी लॉइड्सची इमारत तिथे आहे. त्याच जागेवर ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय होतं. १८६१ मध्ये ते पाडलं. भोसले-इंग्रजांची सीताबर्डीची लढाई, नागपुरातला रेसिडेंट, १८५४ मध्ये वारस नाही म्हणून नागपूरचं राज्य खालसा करणं, या सगळ्याचे कागद त्या जागी येऊन पडत होते. ते कागद आता सेंट पॅन्क्रास स्टेशनशेजारच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. संशोधनाचं काम असेल तर वाचकाचा पास काढून ते पाहता येतात. नुसतं फिरायला गेलेल्यानेही तिथलं विनामूल्य प्रदर्शन चुकवू नये.

भोसल्यांचा लंडनशी सगळ्यात ताजा संबंध २०२५चा. नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार त्या वर्षी एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीज या लिलाव कंपनीत विक्रीला आली. महाराष्ट्र शासनाने ती ४७.१५ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. तलवार ‘फिरंग’ जातीची आहे, म्हणजे सरळ पात्याची, आणि पातं युरोपात घडलेलं. त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचं नाव आणि साताऱ्याच्या छत्रपती शाहूंनी दिलेला ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब कोरलेला आहे. युरोपातून आलेलं पातं, बंगाल-ओडिशापर्यंत गेलेला धनी, मग लंडनचा लिलाव आणि परत महाराष्ट्र. सीताबर्डीच्या पराभवानंतर झालेल्या लुटीत किंवा नंतर भेट म्हणून ती बाहेर गेली असावी, असे अंदाज आहेत.

साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाशी नागपूरचं नातं याच काळात जुळलं. त्यांच्याकडची, शिवरायांची म्हणून ओळखली जाणारी वाघनखं २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली. आधी साताऱ्यात आणि मग नागपूरच्या अजब बंगल्यात ती मांडली गेली. साताऱ्यातला कंपनीचा अधिकारी जेम्स ग्रँट डफ याच्या वंशजांनी ती संग्रहालयाला दिली होती. ती खुद्द शिवरायांचीच की नाही, हे सिद्ध करता येत नाही असं संग्रहालय स्वतः सांगतं, हेही लक्षात असावं. या संग्रहालयाला तिकीट नाही. टिपूचा लाकडी वाघ इथेच आहे. शुक्रवारी ते रात्री दहापर्यंत उघडं असतं आणि तेव्हा गर्दीही कमी असते. विदर्भाच्या सीमेवरच्या अजिंठ्याची एक करुण गोष्टही या भागाशी जोडलेली आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून केलेल्या चित्रांच्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या कला विद्यालयातल्या जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या.

ब्रिटिश म्युझियमही विनामूल्य. अर्ध्या दिवसात ते संपवायचा प्रयत्न करू नये. इजिप्तच्या ममी आणि भारताचं दालन एवढं पुरतं. ‘अमरावती’ अशी पाटी पाहून वैदर्भीय मन हरखतं. ही अमरावती आंध्रातली, कृष्णाकाठची. आपली अंबानगरी नव्हे. शिल्पं मात्र अशी की कोणत्या अमरावतीची हा प्रश्न दोन मिनिटांत विसरायला होतो. लंडनमधल्या अभ्यासाच्या काळात बाबासाहेब याच म्युझियमच्या वाचनालयात सकाळपासून दार बंद होईपर्यंत बसत.

ग्रिनिचला एक अख्खी सकाळ द्यावी. थेम्समधून बोटीने जावं. नदीवरून टॉवर ऑफ लंडन आणि टॉवर ब्रिज वेगळं तिकीट न काढता दिसतात. टेकडीवर १६७५ मध्ये स्थापन झालेली वेधशाळा आहे आणि तिच्या अंगणात शून्य रेखांशाची धातूची पट्टी. एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला ठेवून सगळे फोटो काढतात. उपग्रहांच्या मोजणीचा आजचा शून्य मात्र त्या पट्टीपासून सुमारे १०२ मीटर पूर्वेला, बागेत कुठेतरी पडतो! झिरो माइलच्या गावातून गेलेल्या माणसाला हा परिसर परका वाटायला नको. नागपूरचा तो स्तंभ भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामाशी जोडला जातो. ते सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लँबटन हैदराबादकडून नागपूरला निघाला असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. लंडनचा फेरा करून आलेल्यांपैकी किती जणांनी हिंगणघाटची ती कबर पाहिली असेल, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. ग्रिनिचवर उभं राहून एक गणितही करता येतं. नागपूर ७९ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने ग्रिनिचच्या सव्वापाच तास पुढे. घड्याळ साडेपाच तास पुढे, कारण भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरची. म्हणून नागपुरात सूर्य डोक्यावर यायला बहुधा बारा वाजून गेलेले असतात. उन्हाळ्यात लंडनवाले घड्याळ तासभर पुढे करतात, तेव्हा हे अंतर साडेचार तासांवर येतं. घरी फोन लावताना विसरू नये.

खाण्याची चिंता नसावी. नळाचं पाणी प्यायला चालतं, बाटल्या विकत घेण्यात पैसे घालवू नयेत. युस्टन स्टेशनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी भारतीय खाणावळी आहेत. फिट्झरॉय स्क्वेअरजवळच्या इंडियन वायएमसीएच्या खानावळीत बाहेरच्यांनाही साधं, स्वस्त भारतीय जेवण मिळतं. हाउन्स्लोला २०१० मध्ये सुरू झालेलं श्रीकृष्ण वडापाव हे मराठी तरुणांचं दुकान आता प्रसिद्ध आहे. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर भाजीपाल्यापासून मसाल्यांपर्यंत सगळं मिळतं. सावजीची तर्री मात्र शोधत फिरू नये. ती ज्यांना हवीच असते ते घरून मसाला नेतात आणि मुलाच्या स्वयंपाकघरात धुराचा अलार्म वाजवतात.

मराठी बोलणारी माणसं हवी असतील तर डॉलिस हिल भागात महाराष्ट्र मंडळ, लंडनची स्वतःची वास्तू आहे. मंडळ १९३२चं. गणेशोत्सव तिथला मोठा, दिवाळीचा कार्यक्रमही होतो. ऑगस्ट-सप्टेंबरात जाणाऱ्यांनी तारीख आधी विचारून घ्यावी. सप्टेंबरमध्ये ‘ओपन हाउस’ नावाचा आणखी एक उपक्रम असतो. एरवी बंद असलेल्या इमारती त्या दिवसांत लोकांना विनामूल्य पाहता येतात. परराष्ट्र खात्याच्या इमारतीतला, पूर्वीच्या इंडिया ऑफिसचा दरबार कोर्ट बहुधा त्यात असतो. तीन मजली कमानींचं ते अंगण पाहायला रांग लागते, म्हणून सकाळी लवकर पोचावं. ट्यूबचं वेस्टमिन्स्टर स्टेशन तिथून पाच मिनिटांवर आहे.